प्रियदर्शनीचं शेत

‘अनुक्रमाचं आकलन : निम्न. चुकीतून शिकण्याची तयारी : निम्न. शिफारस : पूर्वतयारी गट.’

या तीन ओळी चार दिवसांपासून माझ्या टेबलावर पडून आहेत. वर नाव आहे प्रियदर्शनी उत्तमराव, इयत्ता सातवी. खाली छापलंय, ‘वरील निष्कर्ष मान्य’, आणि त्याखाली वर्गशिक्षिकेच्या सहीसाठी टिंबांची रेघ. वर्गशिक्षिका म्हणजे मी, नीलिमा. एकोणीस वर्षं नोकरी झाली. इतका घाणेरडा कागद माझ्यासमोर कधी आला नव्हता. तो छान जाड आहे, गुळगुळीत आहे, त्यावर विद्यापीठाचं सोनेरी बोधचिन्ह आहे. तरी घाणेरडाच म्हणते मी त्याला.

मुख्याध्यापक मुकेश सर रोज एकदा डोकावतात. “मॅडम, टाका ना सही अन् व्हा मोकळ्या. पुढच्या वर्षी विद्यापीठाचे वीस टॅब येऊन राह्यले. आपल्याले काय करा लागते?”

आपल्याले काय करा लागते! या एका वाक्यावर आमचं सगळं खातं चाललंय.

कामरगावहून जीपने यायचं आमच्या शाळेचं गाव. इथे गेल्या जुलैत एका मोठ्या तंत्रज्ञान विद्यापीठाची गाडी आली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, उगाच मुकेश सरांना नोटीस यायची. तर त्यांच्याकडे मुलांसाठी कोडिंगची साधनं बनवणारा एक खास विभाग आहे. चार वर्षं खपून त्यांनी ‘खटपट’ नावाचा एक प्रोग्राम केला होता. टॅबच्या पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळ्यावर एक हुकूम लिहिलेला. ‘पुढे जा’, ‘वळ’, ‘पाच वेळा कर’. मुलांनी ते ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं चित्र त्या क्रमाने हलतं. सगळं मराठीत. खोटं कशाला बोलू, मी स्वतः पहिल्या दिवशी अर्धा तास खेळत बसले होते.

विद्यापीठाकडून योगिनी मॅडम यायच्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. पोरगी चांगली होती, पोरांशी खाली सतरंजीवर बसायची. तिनेच सांगितलं, की बारा टप्पे आहेत. बाराच्या बारा पूर्ण करणाऱ्यांतून चार जिल्ह्यांतली मिळून दहा मुलं निवडायची आणि मे महिन्यात पंधरा दिवस विद्यापीठात शिबिराला न्यायची. तिथे ती स्वतःचे खेळ बनवतील, आणि पुढे बारावीपर्यंत विद्यापीठ त्यांच्याकडे लक्ष देईल. हे ऐकल्याबरोबर माझं लक्ष गेलं प्रियदर्शनीकडे. ती आधीच सरसावून बसली होती.

तिचे वडील उत्तमराव माळवं पिकवतात. अडीच एकर, विहीर, पाच हॉर्सपॉवरची मोटर. मेथी, पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं सकाळच्या जीपने कारंज्याच्या बाजारात जातं. पोरगी शाळेच्या आधी तासभर वावरात असते. नखांत माती घेऊनच वर्गात येते आणि गणितात कोणाला ऐकत नाही.

दिवाळीपर्यंत तिने अकरा टप्पे उडवले. प्रत्येकात तीनपैकी तीन चांदण्या. मोकळ्या खेळाच्या भागात तिने आमची कामरगावची जीप बनवली. जोपर्यंत चौदा माणसं बसत नाहीत तोपर्यंत जीप जागेवरच थांबायची आणि दर माणसामागे ड्रायव्हर म्हणायचा, “निघालो, निघालो!” योगिनी मॅडम हसून लोटपोट झाली. म्हणाली, “आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे ‘जोपर्यंत-तोपर्यंत’ इतकं नीट जमत नाही.” हे तिचे शब्द आहेत, मी तारखेसकट वहीत लिहून ठेवलेत.

मग जानेवारीत बारावा टप्पा उघडला. ‘शेतकरीदादाला मदत करा.’

ग्रामीण मुलांसाठी म्हणून मुद्दाम केलेला टप्पा! पडद्यावर एक शेतकरी. धोतर, लाल पागोटं, झुपकेदार मिशा. आमचे उत्तमराव ट्रॅकपँट घालून पाणी देतात, पण असो. शेतात सहा वाफे, बाजूने पाण्याचा दांड, म्हणजे मातीची छोटी पाटचारी, आणि प्रत्येक वाफ्याला एक दार. वर मोठ्या अक्षरांत ज्या मुलाच्या हातात टॅब असेल त्याचं नाव यायचं. ‘प्रियदर्शनीचं शेत’. हे पाहून पोरगी इतकी खूश झाली की तिने टॅब अख्ख्या वर्गात फिरवला.

काम काय, तर पहिला वाफा भरला की पाणी दुसऱ्यात न्यायचं, मग तिसऱ्यात. तिने सर्रकन ठोकळे जोडले. ‘दुसऱ्याचं दार उघड. पहिल्याचं दार बंद कर.’ आणि चालव म्हणून बटण दाबलं.

टॅब भोंग्यासारखा वाजला. पडद्यावर लाल फुली आली आणि आतून एक गोड आवाज बोलला, “अरेरे! क्रम चुकला. पुन्हा विचार कर!”

तिने पुन्हा तेच जोडलं. पुन्हा अरेरे. तोवर वर्गात चहूकडून अरेरे सुरू झालं होतं. बावीस पोरांपैकी एकोणीस जणांचा क्रम चुकला होता, आणि एकोणीसच्या एकोणीस जणांनी चूक अगदी एकच केली होती. त्या दिवशी तीन जणांना चांदण्या मिळाल्या. त्यात एक पवन, आमच्या मेडिकलवाल्यांचा मुलगा. बाकीची दोघंही अशीच, ज्यांच्या घरी वावर नाही अशी.

मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. नाही आली. मी प्रियदर्शनीजवळ जाऊन सूचना वाचली. ‘एका वेळी एकच दार उघडं असावं. आधी भरलेल्या वाफ्याचं दार बंद करा, मग पुढचं उघडा.’ म्हटलं, “अगं, हे काय लिहिलंय इथं. पयले बंद, मंग उघड. टाक तसं.”

“मॅडम, तसं नाई होत.”

“काहून नाही होत?”

“पयले बंद केलं त पाणी जाईन कुठं? मोटर त चालूच हाये. दांड फुटन ना.” मग मला समजावून सांगायला लागली, जशी मी तिला अपूर्णांक समजावते. “अन् बंद कराले माती पाह्यजे. समोरच्या वाफ्याचं तोंड फोडलं का त्याची माती निघते. तेच माती मांगच्याच्या तोंडात टाका लागते. तोंड फोडलंच नाई त माती कुठून आणसान?”

एवढं स्वच्छ तिने सांगितलं. आणि मी, एकोणीस वर्षांची अनुभवी शिक्षिका, काय बोलले? मी म्हणाले, “प्रियू, हे परीक्षा हाये, वावर नाही. त्या पवनले पाह्य, त्याले कसं जमलं! तुले त्या शिबिराले जायचं हाये का नाही?”

ती खाली मान घालून बसली. म्हणाली, “जाचं हाये.” आणि पुन्हा तेच ठोकळे तिने त्याच क्रमाने जोडले.

घरी गेल्यावर मला झोंबायला लागलं. सकाळी कामरगावहून येताना जीप थांबवून मी रस्त्याकडेच्या एका वावरात पाहिलं. बाई वाफ्यांना पाणी देत होती. फावड्याने पुढच्याचं तोंड फोडलं, तोच ढेपा उचलून मागच्याच्या तोंडात बसवला. एका दमात, न बघता. मी कितीदा पाहिलं असेल हे लहानपणापासून! पण टॅबवर छापून आलं की आमची अक्कल गहाण पडते.

मी विद्यापीठाला मेल केला. आठ दिवसांनी दुसरा केला. उत्तर आलं, की ‘आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत.’ मग योगिनी मॅडमला फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, तो टप्पा तज्ज्ञांच्या समितीने तपासलाय. चार जिल्ह्यांत तोच चालू आहे. एका वेळी एक दार, यामुळे लहान मुलांना क्रमाची संकल्पना सोपी जाते. स्थानिक पद्धत थोडी वेगळी असू शकते ना?”

स्थानिक पद्धत! म्हणजे पाणी आमच्याकडे वेगळ्या पद्धतीने वाहतं का? मी फोनवरच म्हटलं, “तुम्ही इकडे या. माझ्याशी वाद घालू नका, दांडाशी घाला.”

फेब्रुवारीत ती आली. तेवढा तिचा चांगुलपणा, हे मान्य करते. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन दिवसाची होती, म्हणून मी तिला सरळ उत्तमरावांच्या वावरात नेलं. प्रियदर्शनीही बरोबर होती. मोटर चालू होती, पहिला वाफा भरत आला होता. उत्तमरावांना मी आधी सगळं सांगून ठेवलं होतं. हा माणूस मुळात कमी बोलतो. त्यांनी फावडं योगिनी मॅडमच्या हातात दिलं.

“तुमच्या मशीनीत जसं हाये तसंच करा मॅडम. आमी मंधात बोलत नाई.”

ती हसली. बूट सावरत बांधावर उभी राहिली. वाफा भरला. आता बंद करायचं. ती इकडेतिकडे पाहायला लागली. माती? माती कुठून घ्यायची? घाईघाईने तिने दांडाच्याच काठाची माती फावड्याने उकरली आणि वाफ्याच्या तोंडात टाकली. तोंड बंद झालं. आता पाण्याला वाट नाही. दांड काठोकाठ चढला. ती पुढच्या वाफ्याकडे वळेपर्यंत, जिथली माती उकरली होती तिथूनच दांड फुटला आणि सगळं पाणी खालच्या वाफ्यात घुसलं. त्या वाफ्यात परवाच टाकलेलं सांबाराचं बी होतं. गढूळ पाण्याबरोबर ते बी तरंगत एका कोपऱ्यात जाऊन साचलं.

“मोटर बंद करा ना!” ती ओरडली.

उत्तमराव हलले नाहीत. “मशीनीत मोटर बंद कराचा ठोकळा हाये का?” त्यांनी प्रियदर्शनीला विचारलं.

“नाई बाबा.”

“मंग राहू द्या.”

वाफा पार वाहून जाईपर्यंत तो माणूस उभा राहिला. आपलं बी, आपली मेहनत, डोळ्यांदेखत जाऊ दिली, कारण लेकीचं म्हणणं खरं आहे हे कोणीतरी बघायला पाहिजे होतं. मग त्यांनी फावडं घेतलं, दोन ढेपांत फूट बुजवली, पुढच्याचं तोंड फोडलं, आणि म्हणाले, “च्या घेऊन जा मॅडम.”

योगिनी मॅडमचे बूट घोट्यापर्यंत चिखलात होते. चहा पिताना मी विचारलं, “हा टप्पा काढला कोणी?” ती म्हणाली, “आमच्या डिझाइनच्या एका मुलाने. व्हिडिओ बघून. त्यात कालव्याची लोखंडी दारं होती, चाक फिरवायची.” मग म्हणाली, “खरं सांगू? आमच्यापैकी कोणीच हे प्रत्यक्ष बघितलेलं नाही.”

“चार वर्षांत?”

“चार वर्षांत.”

तिने जाताना प्रियदर्शनीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की मी आमच्या विभागप्रमुख सरांशी बोलते. पोरगी बिचारी महिनाभर त्या एका वाक्यावर राहिली. रोज मधल्या सुट्टीत विचारायची, “मॅडम, फोन आला?”

मार्चमध्ये फोनऐवजी यादी आली. यादीत पवनचं नाव होतं, प्रियदर्शनीचं नव्हतं. यादीबरोबर प्रत्येक मुलाचा अहवाल होता, तोच तो जाड गुळगुळीत कागद. प्रियदर्शनीच्या अहवालात आणखी एक ओळ होती. ‘विद्यार्थिनीने बाराव्या टप्प्यात एकाच चुकीची एक्केचाळीस वेळा पुनरावृत्ती केली.’ टॅब म्हणे सगळं मोजून तिकडे पाठवत होता. दांड कसा असतो ते मोजलं नाही, पोरीची बोटं मात्र मोजली! आणि आता पुढच्या वर्षी तिला पूर्वतयारी गटात बसवायचं. म्हणजे तिसरीच्या पोरांबरोबर लाल ठोकळा कोणता आणि निळा कोणता हे ओळखत. जीपचा खेळ करणाऱ्या पोरीने!

मी योगिनी मॅडमला फोन लावला. तिचा आवाज पडलेला होता. “मी मीटिंगमध्ये मांडलं, मॅडम. चिखलाचे फोटोही दाखवले. सर म्हणाले, की चाचणी चार जिल्ह्यांत एकसारखी झालीय, मधेच उत्तर बदललं तर सगळा अभ्यास वाया जाईल. पुढच्या आवृत्तीत शेताचा टप्पा काढून टाकणार आहेत. तिथे लिफ्ट येईल.”

“लिफ्ट?”

“हो. म्हणजे वाद नको.”

आमच्या गावात सर्वांत उंच गोष्ट पाण्याची टाकी आहे. मी फोन ठेवला. इतका राग मला कधी आला नव्हता. मास्तर चुकला तर पोरं त्याच्या तोंडावर सांगू शकतात, फळा पुसून पुन्हा लिहिता येतं. हे लोक चुकले तर पोरांनाच निम्न ठरवतात, आणि वर त्या पोरांच्या मास्तरणीची सही मागतात.

आज चौथ्या दिवशी पवनच्या आई पेढे घेऊन शाळेत आल्या. सोबत पवन, नवीन शर्टात. मी पेढा घेतला, त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्या पोराचा काय दोष? म्हटलं, “शाब्बास. दुसऱ्याच दमात जमलं तुले.”

पोरगं सरळ आहे. म्हणालं, “मले कायचं जमते मॅडम! मले त प्रियूनंच सांगतलं.”

माझ्या हातात पेढा तसाच राहिला.

मधल्या सुट्टीत मी प्रियदर्शनीला बोलावून घेतलं. ती टेबलासमोर उभी राहिली. कागद मी उलटा करून ठेवला.

“पवनले तू सांगतलं?”

“हो.”

“काय सांगतलं?”

“म्हटलं, ह्या मशीनीले बंद पयले पाह्यजे, उलटं टाक. मंग चांदण्या देते थे.”

“म्हणजे मी सांगायच्या आधीच तुले समजलं होतं?”

“दुसऱ्याच खेपेले समजलं व्हतं मॅडम. थे आतली बाई दर खेपेले क्रम चुकला, क्रम चुकला हेच त सांगे.”

“मग तू काहून नाही टाकलं? तुले जायचं होतं ना?”

“जाचंच व्हतं.” तिचे डोळे भरले, पण आवाज नीट होता. “पवनच्या टॅबवर पवनचं शेत व्हतं मॅडम. त्याच्या घरी वावरच नाई, त्याले काय फरक पडते. माह्या टॅबवर माह्यं नाव व्हतं. उत्तमरावच्या पोरीनं आपलाच दांड फोडला, असं दिसलं असतं ना.”

मी विचारलं, “मग एक्केचाळीस वेळा कायले करत बसली, बाप्पा?”

“योगिनी मॅडमनं सांगतलं व्हतं ना, हे सगळं तिकडे विद्यापीठात दिसते म्हणून. मले वाटे, इतक्या खेपा केलं त कोणीतरी पाहीन. म्हनन, हे पोरगी सारखी सारखी हेच काहून करून राह्यली? अन् फोन करून इचारन.”

ती वर्गात गेली. तिकडे कोणी पाहिलं नव्हतं, फक्त मोजलं होतं. आणि इथे जिने पहिल्याच दिवशी समोर बसून पाहिलं होतं, ऐकलं होतं, ती मी. मी तिला म्हणाले होते, परीक्षा आहे, वावर नाही.

घंटा झाल्यावर मुकेश सर आले. “झाली का मॅडम सही? पाकीट आजच पाठवा लागते.”

मी कागद सुलटा केला. ‘वरील निष्कर्ष मान्य’ यावर एक आडवी रेघ मारली, अगदी कागद फाटेल इतकी दाबून. टिंबांच्या रेघेवर लिहिलं, ‘उत्तर बरोबर आहे. एक्केचाळीस वेळा बरोबर आहे. वर्गशिक्षिका पहिल्या दिवशी चुकली.’ आणि मग त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं.

मुकेश सरांनी वाचलं. “अव मॅडम, मंग ते वीस टॅब?”

“येतील तर येतील,” मी म्हटलं आणि पाकीट चिकटवून त्यांच्या हातात दिलं.